हिशेबी प्राध्यापकाचा कारखाना

कार्ल झाइसच्या कारखान्यात एक ऐरण होती. एखादा सूक्ष्मदर्शक मनासारखा उतरला नाही, तर झाइस तो त्या ऐरणीवर ठेवायचा आणि कारागिरांच्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हाताने त्याचा चेंदामेंदा करायचा. झाइसच्या चरित्रांत हा किस्सा हमखास येतो, आणि तो मालकाच्या सचोटीचा दाखला म्हणून सांगितला जातो. सचोटी होतीच. पण त्यात कारागिरीची हतबलताही होती. चांगला सूक्ष्मदर्शक का चांगला उतरला आणि वाईट का बिघडला, हे खुद्द झाइसलाही सांगता येत नव्हतं.

जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतात, झाले नदीच्या काठी येना हे तेव्हा विद्यापीठाचं लहानसं गाव होतं. झाइसने तिथे १८४६ मध्ये यंत्रदुरुस्तीचं आणि उपकरणं बनवण्याचं दुकान थाटलं. विद्यापीठातला वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेन त्याच्या मागे लागला, ‘सूक्ष्मदर्शक कर’ म्हणून. झाइसने आधी साधे, मग १८५७ पासून संयुक्त सूक्ष्मदर्शक करायला घेतले. त्या काळी सगळीकडे चालायची तीच पद्धत येनातही होती. भिंगं घासायची, त्यांच्या जोड्या लावून पाहायच्या, अंतर थोडं कमीजास्त करायचं, एक भिंग काढून दुसरं बसवायचं, आणि डोळ्याला चित्र स्वच्छ दिसेपर्यंत हा खेळ चालू ठेवायचा. आउगुस्ट लोबरसारखा कसबी मिस्त्री असला की काम उत्तम व्हायचं. पण लोबर एकच होता, आणि त्याच्या बोटांतलं ज्ञान कागदावर उतरत नव्हतं.

१८६६ मध्ये कारखान्यातून हजारावा सूक्ष्मदर्शक बाहेर पडला. त्याच वर्षी झाइसने विद्यापीठातल्या एका २६ वर्षांच्या भौतिकशास्त्राच्या व्याख्यात्याला गाठलं आणि विचारलं, हे सगळं आधी गणिताने काढून मग बनवता येईल का?

त्या व्याख्यात्याचं नाव एर्न्स्ट आबे. जन्म १८४०, आयझेनाखचा. वडील सूतगिरणीत मुकादम. पोरगा हुशार निघाला म्हणून गिरणीमालकाने शिक्षणाला हातभार लावला. आधी येना, मग ग्योटिंगेन. तिथे वेबर आणि रीमान यांच्यासारखे गुरू. २१ व्या वर्षी डॉक्टरेट, विषय उष्णता आणि यांत्रिक कार्य यांचं नातं. १८६३ मध्ये येनाला शिकवण्याचा परवाना मिळवण्यासाठी त्याने जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय मात्र पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने बोलका आहे: निरीक्षणांमधल्या चुका कोणत्या नियमाने विखुरलेल्या असतात? आज संख्याशास्त्राचे विद्यार्थी ज्याला काय-वर्ग वितरण म्हणतात, ते त्या प्रबंधात येऊन गेलेलं आहे. सांगायचा मुद्दा असा, की चूक टाळण्याआधी ती मोजायची, ही खोड या माणसाला झाइसकडे येण्यापूर्वीच लागलेली होती.

पहिला फटका त्याला स्वतःलाच बसला. आबेने किरणांची गणितं मांडली, भिंगांच्या वक्रता काढून दिल्या, लोबरच्या माणसांनी त्या बरहुकूम भिंगं घासली, आणि जे सूक्ष्मदर्शक तयार झाले ते अजमासाने केलेल्या जुन्या सूक्ष्मदर्शकांपेक्षा वाईट निघाले. चित्रात दोष कमी होते, पण बारीक तपशीलच दिसेनात. आबेने त्या काळच्या शहाणपणाला धरून भिंगात शिरणारा प्रकाशाचा शंकू अरुंद ठेवला होता, कारण कडेचे किरण चित्र बिघडवतात असं सगळे मानत. झाइसचा त्यात बराच पैसा गेला. दुसरा कुणी असता तर प्राध्यापकाला नमस्कार करून लोबरकडे परत गेला असता. झाइस थांबला. मला वाटतं, या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोठा धंदेवाईक निर्णय हाच होता, आणि तो भौतिकशास्त्रज्ञाने नव्हे तर कारागिराने घेतला.

आबेने उलटा प्रश्न घातला: गणिताने निर्दोष असलेलं भिंग अजमासाच्या भिंगापुढे हरतं, तर आपल्या गणितात काय राहून गेलं? उत्तर सापडलं ते विवर्तनात. प्रकाश बारीक वस्तूवर पडला की तो सरळ जात नाही, अनेक दिशांना फाकतो. वस्तू जितकी बारीक तितका फाकण्याचा कोन मोठा. हे फाकलेले किरण भिंगाने गोळा केले तरच त्या बारकाव्याचं चित्र उमटतं. अरुंद तोंडाचं भिंग त्यांना बाहेरच ठेवतं. म्हणजे कडेचे किरण नुसते चित्र बिघडवणारे आगंतुक नव्हते, खरी बातमी तेच घेऊन येत होते.

हे पटवून द्यायला आबेने केलेला प्रयोग आजही भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत करता येतो. काचेवर चांदीचा पातळ थर देऊन त्यावर एकमेकींना समांतर बारीक रेघा कोरायच्या. ती काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि नळीतून भिंगाच्या मागच्या बाजूला डोकवायचं. तिथे मधोमध प्रकाशाचा एक ठिपका आणि दोन्ही बाजूंना फाकलेल्या किरणांचे ठिपके ओळीने दिसतात. आता एका पट्टीने बाजूचे सगळे ठिपके झाका. चित्रातल्या रेघा नाहीशा होतात. काच कोरी दिसते. मग एकाआड एक ठिपके झाका. रेघा परत येतात, पण दुप्पट दाट. म्हणजे काचेवर जितक्या आहेत त्याच्या दुप्पट रेघा तुम्हाला स्वच्छ, ठसठशीत दिसतात आणि त्यातल्या निम्म्या खोट्या असतात! डोळ्याने पाहिलं म्हणजे खरं, या समजुतीला येनाच्या त्या टेबलावर मोठाच तडा गेला.

१८७३ मध्ये आबेने हा सिद्धांत लेख लिहून जाहीर केला. गंमत म्हणजे, ज्या सूत्रासाठी तो लेख प्रसिद्ध आहे ते सूत्र त्यात समीकरणाच्या रूपात नाहीच. शब्दांतच सांगितलं आहे. दोन बिंदू वेगळे दिसायचे असतील तर त्यांच्यातलं अंतर प्रकाशाच्या साधारण अर्ध्या तरंगलांबीपेक्षा कमी असून चालणार नाही, भिंग कितीही मोठं करा, कितीही घासा. साध्या प्रकाशासाठी ही मर्यादा मिलिमीटरच्या पाचहजाराव्या भागाच्या आसपास येते. कारखान्याच्या सल्लागाराने मालकाच्या मालाची कमाल मर्यादाच छापून टाकली होती. पण त्याच हिशेबाने हेही कळलं की त्या मर्यादेपर्यंत पोचायचं कसं. भिंगाचं तोंड किती रुंद हवं, हे सांगायला आबेने एक नवं माप रूढ केलं. आजही सूक्ष्मदर्शकाच्या प्रत्येक भिंगावर ते कोरलेलं असतं.

१८७२ पर्यंत झाइसचा प्रत्येक सूक्ष्मदर्शक आबेच्या गणितावरून बनू लागला होता. याचा परिणाम नुसता मालावर झाला नाही, कामाच्या रीतीवर झाला. भिंगाची वक्रता आता मिस्त्रीच्या नजरेवर सोडलेली नव्हती. नमुन्याच्या काचेवर भिंग ठेवून दोघांच्या मधे उमटणारी रंगीत कडी मोजायची, आणि कडी जास्त दिसली तर परत घासायला पाठवायचं. काचेचा अपवर्तनांक मोजायला आबेने उपकरण तयार केलं, ते पुढे स्वतंत्रपणे विकलं जाऊ लागलं. साखर कारखान्यात उसाच्या रसाची गोडी तपासायला जे रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, त्याच्या वंशावळीत येनाचं हे यंत्र येतं.

झाइस आता साठीकडे झुकला होता आणि त्याला भीती होती की हा प्राध्यापक एखादं मोठं विद्यापीठ पळवून नेईल. १८७५ मध्ये त्याने आबेला भागीदार करून घेतलं. मोबदल्यात आबेने विद्यापीठातलं आपलं काम वाढवायचं नाही, असं ठरलं. पुढे हेल्महोल्ट्झसारख्या दिग्गजाने बर्लिनला प्राध्यापकपद देऊ केलं, तेही आबेने नाकारलं. येनाच्या वेधशाळेचा संचालक म्हणून तो राहिला, शिकवतही राहिला; पण त्याचा दिवस कारखान्याचा झाला होता.

कारखान्याचा म्हणजे काचेचाही. १८७६ मध्ये लंडनला वैज्ञानिक उपकरणांचं मोठं प्रदर्शन भरलं. आबे तिथे गेला आणि त्यावरच्या अहवालात त्याने हात टेकल्यासारखं लिहिलं, की सूक्ष्मदर्शकाची प्रगती आता भिंगकाराच्या नाही तर काच करणाऱ्याच्या हातात आहे. भिंगातून जाताना प्रकाशाचे रंग फुटतात. ते पुन्हा एकत्र आणायला वेगवेगळ्या स्वभावाच्या काचा लागतात, आणि बाजारात मिळत होते ते फार थोडे प्रकार. तेही एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यात बदलणारे.

तीन वर्षांनी, मे १८७९ मध्ये, व्हिटेन गावाहून ओटो शॉट नावाच्या २७ वर्षांच्या रसायनशास्त्रज्ञाचं पत्र आलं. काच करणाऱ्या घराण्यातला हा मुलगा. त्याने लिथियम घालून एक नवी काच ओतली होती आणि ती तपासून मिळेल का असं विचारत होता. आबेने तपासली. काच उपयोगाची नव्हती. पण ‘नाही’ एवढंच लिहून त्याने पत्र मिटवलं नाही. दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. शॉट व्हिटेनमध्ये लहान लहान मुशींत वितळवायचा, नमुने येनाला पाठवायचा. आबे मोजायचा आणि आकडे परत लिहायचा. बोरॉन, फॉस्फरस, बेरियम, काय घातल्यावर काय होतं याची पद्धतशीर यादीच त्यातून तयार झाली. १८८२ मध्ये शॉट येनाला राहायला आला, १८८४ मध्ये आबे, झाइस, झाइसचा मुलगा रोडरिख आणि शॉट अशा चौघांनी काचेचा कारखाना काढला. सुरुवातीला प्रशियाच्या सरकारने अनुदान दिलं. १८८६ च्या पहिल्या किमतीच्या यादीत ४४ प्रकारच्या काचा होत्या.

त्याच वर्षी आबेचं आणखी एक भिंग बाजारात आलं, तीन रंग एका बिंदूवर आणणारं. त्यातली काही भिंगं काचेची नव्हतीच, फ्लोराइट या खनिजाची होती. त्याचे निर्मळ स्फटिक मिळावेत म्हणून आबेने स्वित्झर्लंडच्या बर्नीज आल्प्समधल्या ओल्टशेन कुरणाच्या डोंगरकपारी धुंडाळल्या. धंद्याचं हे एक गुपित मात्र त्याने काही काळ सांभाळून ठेवलं.

एरवी गुपितं ठेवण्याच्या तो विरुद्ध होता. सूक्ष्मदर्शकातल्या सुधारणांची पेटंटं घ्यायला त्याने नकार दिला. विज्ञानाच्या हत्याराला कुंपण घालू नये, हा त्याचा आग्रह. पुढे १८९० च्या दशकात झाइसने दुर्बिणी आणि कॅमेऱ्याची भिंगं काढली, तेव्हा त्यांची पेटंटं घेतली. तो बाजाराचा माल होता, त्याला बाजाराचे नियम. असा भेद करणारे कारखानदार तेव्हाही थोडे होते.

या सगळ्याचं फळ कुणाच्या पदरात पडलं? एक नाव पुरेसं आहे. १८७८ मध्ये लंडनच्या स्टीव्हनसन नावाच्या गृहस्थाच्या सूचनेवरून आबेने तेलाचं भिंग तयार केलं: भिंग आणि काचपट्टी यांच्यामध्ये हवेऐवजी तेलाचा थेंब. एरवी वाया जाणारे किरणही तेलामुळे भिंगात शिरतात. हे भिंग आणि त्याच्या जोडीला आबेचाच प्रकाशसंग्राहक रॉबर्ट कॉखच्या टेबलावर आला. मार्च १८८२ मध्ये बर्लिनला कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. हा जंतू जाडीला अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक असतो, म्हणजे आबेने आखलेल्या मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर. प्लेगच्या साथीत, १८९७ मध्ये, हाच कॉख जर्मन आयोगाबरोबर मुंबईत येऊन गेला. आणि आजही आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात थुंकीची पट्टी रंगवून झाली की तंत्रज्ञ तिच्यावर तेलाचा थेंब टाकतो आणि शंभरपटीचं भिंग त्यात हलकेच बुडवतो. ती रीत आबेची.

इथवरची गोष्ट एका यशस्वी शास्त्रज्ञ-उद्योजकाची आहे, आणि तशा गोष्टी बऱ्याच आहेत. आबे वेगळा ठरतो तो १८८८ नंतर.

त्या वर्षाच्या डिसेंबरात कार्ल झाइस वारला. आबे आणि रोडरिख असे दोन मालक उरले. पुढच्याच वर्षी आबेने रोडरिखचा हिस्सा विकत घेतला. रोडरिख राजीखुशीने बाजूला झाला असं म्हणवत नाही. आता सगळा कारखाना एका माणसाच्या हातात होता. आणि त्या माणसाने तो देऊन टाकायचं ठरवलं.

१८८९ मध्ये त्याने एक प्रतिष्ठान स्थापन केलं. नाव स्वतःचं दिलं नाही, कार्ल झाइसचं दिलं. १८९१ मध्ये झाइस कारखान्याची पूर्ण मालकी आणि शॉटच्या कारखान्यातला आपला हिस्सा त्याने प्रतिष्ठानाच्या नावे केला. आदल्या दिवसापर्यंत मालक असलेला आबे दुसऱ्या दिवसापासून पगारी संचालक झाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: हा नफा माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलेला नाही. विद्यापीठाने जमवलेलं ज्ञान आणि शेकडो लोकांचं एकत्र काम यांतून तो आला आहे. कायद्याने तो माझ्या खिशात पडतो म्हणून तो माझा ठरत नाही.

दान करणारे कारखानदार युरोपात बरेच होते. मजुरांना घरं बांधून देणारे, नाताळला बक्षिसी वाटणारे, आणि संप केला की ती घरं रिकामी करायला लावणारे. आबेला या दयाळूपणाचा मनस्वी तिटकारा होता. गिरणीमालकाच्या मेहेरबानीवर तो स्वतः शिकला होता. मेहेरबानीची चव त्याला ठाऊक होती. म्हणून १८९६ मध्ये प्रतिष्ठानाची जी घटना त्याने लिहिली, तिच्यात औदार्य नाही, कलमं आहेत. कामगाराला न्यायालयात जाऊन मागता येतील अशी कलमं. पगारी रजा. निवृत्तिवेतन. कामावरून काढलं तर नुकसानभरपाई. नफ्यातला वाटा. नेमणूक आणि बढती देताना वंश, धर्म, राजकीय पक्ष पाहायचा नाही. हे शेवटचं कलम ज्या जर्मनीत लिहिलं गेलं, तिथे समाजवाद्यांवरची बंदी उठून जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि ज्यूंना प्राध्यापकपदं मिळणं दुर्मीळ होतं. आबेचा उजवा हात आणि पुढे कारखान्याच्या धुरीणांतला एक झालेला झाइगफ्रीड चाप्स्की ज्यू होता.

आणि एक कलम असं, जे आज वाचताना भल्याभल्या संचालकांना घाम फुटेल. व्यवस्थापनातल्या कुणाचाही पगार कारखान्यातल्या कायम कामगाराच्या सरासरी कमाईच्या दहापटीहून जास्त असता कामा नये. आबेलाही हे कलम लागू होतं.

याचा अर्थ कारखाना कामगारांच्या ताब्यात गेला असा नाही. कामगार समिती होती, तिला बोलायचा हक्क होता, निर्णयाचा नव्हता. निर्णय संचालकांचा, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला सरकारने नेमलेला आयुक्त. आबे राजकारणाने उदारमतवादी होता, समाजवादी नव्हता. भागधारक त्याने हटवले, साहेब राहिले. टाटा उद्योगाच्या मुख्य कंपनीचे बहुतांश भाग विश्वस्त निधींकडे आहेत, हे आपल्याकडचं उदाहरण मराठी वाचकाला आठवेल. त्याच्याशी काही साम्य आहे, पण आबेने मालकीबरोबर कामगारांचे हक्कही त्याच दस्तऐवजात बांधून टाकले, हा फरक मोठा आहे.

आता भोंग्याचा प्रश्न. झाइस कारखान्यात १८९० च्या दशकात कामाचा दिवस नऊ तासांचा होता, म्हणजे तेव्हाच्या मानाने थोडाच. आठ तासांची मागणी युरोपभर मोर्च्यांतून होत होती आणि मालक एकच उत्तर देत: तास कमी केले की माल कमी. आबेने वाद घातला नाही, प्रयोग लावला. १ एप्रिल १९०० पासून एका वर्षासाठी आठ तास. नगावर मजुरी घेणाऱ्या, कामात मुरलेल्या २३३ माणसांची आधीच्या आणि नंतरच्या वर्षाची ताशी कमाई त्याने काढली. नगाचा दर तोच ठेवला होता, त्यामुळे कमाई म्हणजे सरळ उत्पादन. नऊ तासांचं काम आठ तासांत उरकायला ताशी उत्पादन १०० वरून ११२.५ वर जायला हवं होतं. ते ११६.२ वर गेलं. म्हणजे दिवस एका तासाने लहान झाला आणि माल थोडा वाढलाच.

या आकड्यांचा अर्थ त्याने लावला तोही भौतिकशास्त्रज्ञासारखा. माणूस थकतो तो तीन गोष्टींनी: किती काम केलं, किती वेगाने केलं, आणि काम चालो न चालो, किती वेळ त्या जागेवर उभा राहिला. तिसरी गोष्ट म्हणजे यंत्र नुसतंच फिरत ठेवल्यावर जळणारी ऊर्जा. तिच्यातून माल निघत नाही, झीज मात्र होते. रोजची झीज रोजच्या विश्रांतीने भरून निघाली नाही, तर तूट साचत जाते आणि माणूस वेळेआधी संपतो. दिवस लहान केला की ही फुकटची झीज वाचते आणि तीच शक्ती वेगाला मिळते. अर्थशास्त्रज्ञ तेव्हा नीती आणि बाजार यांवर भांडत होते. हा माणूस ऊर्जेचा ताळेबंद मांडत होता.

१९०१ मध्ये येनात दिलेल्या व्याख्यानांत त्याने हे सगळं मांडलं आणि त्यात एकदाच घरचं उदाहरण दिलं. त्याचे वडील आयझेनाखच्या गिरणीत चौदा तास काम करत, पहाटे पाच ते संध्याकाळी सात. धंदा तेजीत असला की चार ते आठ, सोळा तास. मधे सुट्टी नाही, जेवणासाठीसुद्धा नाही. पाच ते नऊ वर्षांचा असताना आबे आणि त्याची धाकटी बहीण आळीपाळीने वडिलांचं जेवण घेऊन जात. वडील यंत्राला टेकून किंवा एखाद्या खोक्यावर टेकून घाईघाईने भांडं रिकामं करत, पोराच्या हातात परत देत आणि वळत कामाकडे. आबेपेक्षा अर्धं डोकं उंच, दणकट बांध्याचा तो माणूस ४८ व्या वर्षी दिसायला आणि चालायला म्हातारा झाला होता.

मुंबईत तेव्हा काय चाललं होतं, हे इथे सांगायला हरकत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती. पण रोजचे तास सूर्याच्या हवाली होते, आणि १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर ते चौदाच्या घरात गेले. जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस आला तो १९१२ मध्ये.

शेवटच्या वर्षांत आबे आणखी एका भांडणात पडला. येनातल्या अधिकाऱ्यांनी समाजवाद्यांच्या सभांना आडकाठी केली, तेव्हा ही बंदी बेकायदा आहे हे त्याने कायद्याचा कीस काढून जाहीर सभेत सांगितलं. मग प्रतिष्ठानाच्या पैशाने गावात लोकगृह उभं राहिलं: मोठं सभागृह, सर्वांना खुलं वाचनालय, आणि कुठल्याही पक्षाला भाड्याने मिळण्याची सोय. १९०३ मध्ये ते खुलं झालं. त्याच वर्षी आबे तब्येतीमुळे संचालकपदावरून दूर झाला. १४ जानेवारी १९०५ रोजी, वयाची पासष्टी पूर्ण व्हायला नऊ दिवस असताना, तो गेला. त्या सप्टेंबरात जर्मन समाजवादी पक्षाचं अधिवेशन येनाच्या त्याच लोकगृहात भरलं.

पुढचा इतिहास घटनेतल्या कलमांइतका स्वच्छ नाही. युद्धखात्याला दुर्बिणी आणि अंतरमापक लागत, आणि झाइस ते पुरवत आलं. हिटलरच्या राजवटीत हा कारखाना शस्त्रसामग्रीत बुडाला आणि त्यात वेठीच्या मजुरांना राबवलं गेलं. वंश पाहायचा नाही, हे कलम तेव्हा कुणाच्याही उपयोगी पडलं नाही. आबेच्या व्यवस्थेचं हे अपयश झाकण्यात अर्थ नाही: त्याने मालकाची लोभी बुद्धी गृहीत धरून कुंपणं घातली होती; सरकारच गुन्हेगार होईल हे त्यात बसत नव्हतं, आणि अंतिम देखरेख त्याने सरकारकडेच सोपवली होती.

१९४५ मध्ये येना आधी अमेरिकनांच्या हाती लागलं. ठरल्याप्रमाणे ते रशियनांना सोपवण्याआधी त्यांनी झाइस आणि शॉटमधले निवडक तज्ज्ञ पश्चिमेला हलवले. रशियनांनी मग यंत्रं नेली. एकाच नावाच्या दोन कंपन्या झाल्या, एक पूर्वेला येनात, दुसरी पश्चिमेला ओबरकोखेनला, आणि नाव कुणाचं यावरून दोघी देशोदेशीच्या न्यायालयांत अनेक वर्षं झगडल्या. जर्मनीच्या एकीकरणानंतर त्याही एक झाल्या.

आबेची मर्यादा मात्र बराच काळ कुणाला ओलांडता आली नाही. ग्योटिंगेनच्या श्टेफान हेल याने लेझरच्या युक्तीने तिला वळसा घातला आणि त्याबद्दल २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक एरिक बेट्झिग आणि विल्यम मोर्नर यांच्यासह त्याला मिळालं. दुसरीकडे संगणकाच्या चिप छापणारे कारखाने आजही त्याच सूत्राला मान देऊन चालतात. रेघ बारीक हवी तर तरंगलांबी कमी करा. ती कमी करत ते आता १३.५ नॅनोमीटरपर्यंत आले आहेत. तो प्रकाश काचेतून जातच नाही, म्हणून आरसे लागतात. नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीच्या यंत्रांत बसणारे हे आरसे झाइस करतं.

२००४ मध्ये प्रतिष्ठानाची घटना बदलली. झाइस आणि शॉट या रीतसर कंपन्या झाल्या. त्यांच्या काही उपकंपन्यांचे शेअर बाजारात घेताही येतात. पण या दोन मूळ कंपन्यांचे सगळे शेअर आजही कार्ल झाइस प्रतिष्ठानाकडे आहेत, आणि ते विकायला घटनेने मनाई आहे.